पाहणीकडून फवारणीकडे आणि पुन्हा पाहणीकडे : अमेरिकेतील जुन्या उपनगरी घरांच्या वाळवी-नियंत्रणाचा इतिहास (१९२८ ते २०२५)

१. प्रस्तावना

घरे कशी बांधली गेली याचा विचार इतिहासात पुष्कळ झाला आहे. बांधलेली घरे कशी टिकवली गेली याचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला आहे. विसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शहरांभोवती जी उपनगरे उभी राहिली, त्यांतील बहुसंख्य घरे लाकडी सांगाड्याची होती. ही घरे जुनी होऊ लागली, तशी वाळवीची पाहणी आणि तिच्यावरील उपचार ही त्यांच्या देखभालीची, खरेदी-विक्रीची आणि कायद्याचीही नित्याची बाब बनली.

प्रस्तुत निबंधात या व्यवहाराचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. वाळवी-नियंत्रणाच्या शास्त्रीय व्यवस्थेचा आरंभ घराच्या बारकाईने केलेल्या पाहणीतून झाला. दीर्घकाळ टिकणारी रसायने हाती आल्यावर पाहणीचे महत्त्व घटले. त्या टिकाऊपणाची किंमत घरात राहणाऱ्यांनाच मोजावी लागते हे उघड झाल्यावर पाहणी पुन्हा केंद्रस्थानी आली. हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे. अखेरीस या इतिहासाचा भारतीय संदर्भ थोडक्यात तपासला आहे.

२. वाळवीचे स्वरूप आणि उपनगरी घराची रचना

अमेरिकेतील घरांना उपद्रव देणाऱ्या वाळवीचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला भूमिगत वाळवीचा. हिची वसाहत सामान्यतः जमिनीत असते, तिला सतत ओलावा लागतो आणि ती मातीच्या बारीक नळ्या बांधून लाकडापर्यंत पोहोचते. दुसरा प्रकार कोरड्या लाकडात राहणाऱ्या वाळवीचा. तिला मातीशी संपर्क लागत नाही. ती लाकडातच वसाहत करते आणि लहान कणांच्या रूपातील विष्ठा बाहेर टाकते. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा व हवाई येथे हा प्रकार विशेष आढळतो.

अमेरिकेच्या पूर्व भागातील सर्वपरिचित भूमिगत वाळवीचे शास्त्रीय नाव रेटिक्युलिटर्मिस फ्लॅव्हिपिस असे आहे. मूळ अमेरिकेतील या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन मात्र १८३७ मध्ये व्हिन्सेंट्स कोलार याने व्हिएन्नाजवळील शोनब्रुन राजवाड्याच्या काचगृहात सापडलेल्या नमुन्यांवरून केले. माणसाच्या मालवाहतुकीबरोबर वाळवीही प्रवास करते, याचे हे जुने उदाहरण होय. पुढे न्यू ऑर्लिन्सच्या इतिहासात याचाच उलटा प्रत्यय येतो.

घराच्या रचनेचा विचार येथे आवश्यक ठरतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत बांधलेल्या अनेक बंगल्यांत लाकडी तक्तपोशी जमिनीपासून थोडी उंच असे व तिच्या खाली एक बुटकी पोकळी राही. या पोकळीत हवा खेळती नसेल, बांधकामाच्या वेळचे लाकडाचे तुकडे तसेच पुरले गेले असतील किंवा जिन्याचे व ओसरीचे खांब थेट मातीत रोवलेले असतील, तर वाळवीला वेगळे आमंत्रण लागत नसे. मात्र याच पोकळीत माणूस सरपटत जाऊन तुळया ठोकून पाहू शकत असे. घराचे सर्वांत दुर्बल अंग हेच पाहणीसाठी सर्वांत खुले अंग होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर १९४७ पासून उभारलेल्या लेव्हिटटाउन या उपनगरात तळघर व पोकळी दोन्ही वगळून घरे थेट जमिनीवरील काँक्रीटच्या स्लॅबवर उभी करण्यात आली. स्वस्त व जलद बांधकामाची ही पद्धत देशभर पसरली. काँक्रीट वाळवी खात नाही, हे खरे. परंतु स्लॅबला पडलेली सुमारे एक मिलिमीटरची भेग, सांध्याची फट किंवा नळ वर येतो तेथील पोकळ जागा तिला पुरेशी होते. या नव्या घरांत वाळवीचा मार्ग माणसाच्या नजरेआड गेला. पाहणीच्या इतिहासात ही गोष्ट निर्णायक ठरली.

३. कॅलिफोर्नियातील अभ्यास आणि पाहणी-अहवालाची घडण (१९२८–१९३५)

वाळवीचा पद्धतशीर व बहुशाखीय अभ्यास कॅलिफोर्नियात १९२८ मध्ये सुरू झाला. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स कोफॉइड यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या वाळवी संशोधन समितीत प्राणिशास्त्रज्ञांबरोबर अभियंते, रसायनशास्त्रज्ञ आणि बांधकाम व लाकूड व्यवसायांचे प्रतिनिधी यांचा सहभाग होता. या समितीच्या कामाचे फलित म्हणजे कोफॉइड यांनी संपादित केलेला ‘टर्माइट्स अँड टर्माइट कंट्रोल’ हा ग्रंथ. तो १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या काळात रासायनिक उपाय नव्हते असे नाही. सोडियम आर्सेनाइटसारखी आर्सेनिकयुक्त द्रावणे, डांबरापासून काढलेले क्रिओसोट तेल, पॅरिस ग्रीनची भुकटी असे विविध पदार्थ वापरात होते. परंतु त्यांतील काही माणसालाही उघडपणे घातक होते, काही पावसाने धुऊन जात, तर काहींचा दर्प घरात सहन होत नसे. त्यामुळे भर राहिला तो बांधकामातील दोष शोधण्यावर व सुधारण्यावर. लाकूड आणि माती यांचा संपर्क तोडणे, पोकळीत हवा खेळती ठेवणे, पाण्याची गळती थांबवणे आणि किडलेले लाकूड बदलणे हे त्या काळातील उपचाराचे मुख्य अंग होते. असा उपचार पाहणीवाचून शक्यच नव्हता. किंबहुना, पाहणी हाच उपचाराचा अर्धा भाग होता.

कॅलिफोर्निया राज्याने १९३५ मध्ये इमारतींतील कीड-नियंत्रणाचा व्यवसाय कायद्याच्या कक्षेत आणला व त्यासाठी परवाने देणारे मंडळ स्थापन केले. हा व्यवसाय एका विशिष्ट अर्थाने नाजूक आहे. वाळवी भिंतीच्या आत असते, ती घरमालकाला दिसत नाही आणि तज्ज्ञाचा शब्द पडताळून पाहण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. अशा व्यवहारात लेखी नोंद हाच ग्राहकाचा आधार ठरतो.

या राज्यात पुढे विकसित झालेला पाहणी-अहवाल त्यामुळे बारकाईने पाहण्याजोगा आहे. त्यात घराचा आराखडा काढून दोष कोठे आढळला ते दाखवावे लागते. निष्कर्षांची दोन भागांत विभागणी करण्याची पद्धत रूढ झाली : पहिल्या भागात प्रत्यक्ष आढळलेला प्रादुर्भाव व नुकसान, तर दुसऱ्या भागात पुढे प्रादुर्भाव होऊ शकेल अशी परिस्थिती, म्हणजे लाकडाला टेकलेली माती, साचलेला ओलावा, पोकळीतील लाकडाचा कचरा इत्यादी. याशिवाय ज्या भागापर्यंत पोहोचता आले नाही तो भागही नमूद करावा लागतो. काय पाहिले याबरोबर काय पाहता आले नाही हेही लिहून देण्याचे हे बंधन साधे वाटले, तरी त्यातून तज्ज्ञाची जबाबदारी आणि तिची मर्यादा या दोन्ही निश्चित होतात.

गृहकर्जाच्या व्यवस्थेने पाहणीला आर्थिक बळ दिले. संघराज्याच्या गृहनिर्माण प्रशासनाची स्थापना १९३४ मध्ये झाली. १९४४ च्या कायद्याने युद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीची गृहकर्जे उपलब्ध झाली. घर हे कर्जाचे तारण असल्याने ते आतून पोखरलेले नाही याची खात्री कर्ज देणाऱ्यास हवी असे. सैनिकांच्या कर्ज-योजनेत अनेक राज्यांतील घरांसाठी वाळवी-पाहणी आवश्यक मानली गेली. तिचा खर्च कोणी करावयाचा हा प्रश्नही त्यातूनच उद्भवला. दीर्घकाळ हे शुल्क सामान्यतः खरेदीदार सैनिकाकडून घेण्यास मनाई होती. २०२२ मध्ये हा निर्बंध शिथिल करण्यात आला.

४. क्लोरडेनची चाळीस वर्षे (१९४८–१९८८)

क्लोरडेन हे क्लोरिनयुक्त सेंद्रिय कीटकनाशक अमेरिकेच्या बाजारात १९४८ पासून उपलब्ध झाले. त्याच्याबरोबर हेप्टाक्लोर, आल्ड्रिन व डिल्ड्रिन ही त्याच कुळातील रसायनेही वापरात आली. यांचा मोठा गुण म्हणजे मातीत दीर्घकाळ टिकून राहणे. मिसिसिपी राज्यातील वनविभागाच्या चाचण्यांत क्लोरडेनची प्रक्रिया केलेली माती तीन दशकांहून अधिक काळ वाळवीला रोखून धरते, असे दिसून आले.

उपचाराची पद्धत अशी होती. घराच्या पायालगत चर खणून त्यात द्रावण ओतावयाचे; स्लॅब असल्यास भिंतीच्या कडेने ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून दाबाने द्रावण खाली सोडावयाचे. प्रचलित प्रमाण पायाच्या दर दहा फूट लांबीस, खोलीच्या प्रत्येक फुटामागे, चार गॅलन असे होते. या हिशोबाने सुमारे ४० मीटर परिघाच्या घराभोवती केवळ एक फूट खोलीपर्यंत उपचार करावयाचा, तरी सुमारे २०० लिटर द्रावण लागते. एक टक्का द्रावणात त्याचा अर्थ सुमारे दोन किलो क्लोरडेन एका कुटुंबाच्या पायाखाली कायमचे ठेवणे असा होतो.

या पद्धतीने वाळवी-नियंत्रणाची संपूर्ण दृष्टी बदलली. घराभोवती विषाची अखंड भिंत उभी केली की वाळवी कोठून येते हे शोधण्याची निकड उरत नव्हती. पाहणी बंद पडली नाही. विक्रीच्या कागदपत्रांत तिचे स्थान कायम राहिले. परंतु तिचा हेतू बदलला. दोष शोधून तो दुरुस्त करणे हा पूर्वीचा हेतू मागे पडून फवारणी करावयाची की नाही हे ठरवणे एवढेच तिचे काम बहुधा उरले. लाकूड-माती संपर्क, गळती, कोंदट पोकळी हे दोष तसेच राहिले तरी रसायन त्यांवर पांघरूण घालत होते. स्लॅबच्या घरांत तर पाहण्यासाठी जागाच उरली नसल्याने ही पद्धत अपरिहार्य वाटू लागली.

कोरड्या लाकडातील वाळवीसाठी याच काळात वेगळी वाट निघाली. संपूर्ण घरावर ताडपत्रीचा तंबू घालून आत विषारी वायू सोडण्याची पद्धत कॅलिफोर्निया व फ्लोरिडात रूढ झाली. त्यासाठीचा सल्फ्युरिल फ्लुओराइड हा वायू १९६१ पासून बाजारात आला. हा उपचार आत असलेली वाळवी मारतो, पण नंतर येणाऱ्या वाळवीला अटकाव करीत नाही. त्यामुळे येथे पाहणीची गरज टिकून राहिली.

क्लोरडेनचा दोष त्याच्या गुणातच दडलेला होता. जे रसायन मातीत तीस वर्षे टिकते ते घराच्या हवेतही टिकते. लष्करी वसाहतींतील घरांत ही गोष्ट प्रथम ठळकपणे पुढे आली. काही घरांत उष्ण हवा वाहून नेणाऱ्या नलिका स्लॅबमध्ये किंवा त्याखाली बसवलेल्या होत्या. अशा घरांत छिद्रे पाडताना नलिका भेदली गेली किंवा द्रावण तिच्यात झिरपले, तर क्लोरडेन थेट खोल्यांत पोहोचत असे. हवाई दलाने १९७० च्या दशकात आपल्या निवासस्थानांतील हवेची तपासणी हाती घेतली. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने १९७९ मध्ये अशा घरांतील हवेत क्लोरडेनचे प्रमाण प्रति घनमीटर ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये, अशी तात्पुरती मर्यादा सुचविली.

दरम्यान १९६२ मध्ये रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झाले होते आणि १९७० मध्ये पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली होती. या संस्थेने १९७८ मध्ये खाद्यपिकांवरील क्लोरडेनचा वापर रद्द केला आणि इतर बहुतेक उपयोग टप्प्याटप्प्याने बंद केले. १९८३ नंतर भूमिगत वाळवीचे नियंत्रण हा एकच उपयोग शिल्लक राहिला. शेतात जे नको ते घराखाली मात्र चालेल, अशी ही विसंगत अवस्था पाच वर्षे टिकली. उत्पादक कंपनीने १९८७ मध्ये विक्री थांबविण्याचे मान्य केले व एप्रिल १९८८ पासून हा शेवटचा उपयोगही संपला. तोपर्यंत पाच कोटींहून अधिक लोक क्लोरडेनचा उपचार झालेल्या घरांत राहिले असावेत, असा अंदाज मांडला गेला आहे. बंदीने विक्री थांबली. आधीच घराखाली ओतलेले रसायन मात्र तेथेच राहिले. उपचाराचा निर्णय एका मालकाने घेतला आणि त्याचा परिणाम पुढच्या मालकाच्या मुलांनी अनुभवला, असे या प्रकरणाचे सामाजिक स्वरूप आहे.

५. बंदीनंतरचा काळ : आमिष आणि पाहणीचे पुनरागमन

क्लोरडेनची जागा प्रथम क्लोरपायरिफॉस व पायरेथ्रॉइड गटातील रसायनांनी घेतली. ती तुलनेने कमी काळ टिकणारी होती. पर्यावरण संरक्षण संस्था द्रवरूप वाळवीनाशकाकडून सामान्यतः पाच वर्षांच्या परिणामकारकतेची अपेक्षा ठेवते. क्लोरडेनच्या तीस वर्षांशी याची तुलना केल्यास बदलाचे मोजमाप कळते. पायरेथ्रॉइड वाळवीला दूर सारतात. त्यामुळे उपचारात कोठेही खंड राहिला की ती नेमकी तेथून आत शिरते. १९९६ च्या अन्न-गुणवत्ता संरक्षण कायद्याने मुलांच्या आरोग्याचा स्वतंत्र विचार बंधनकारक केला. त्यानंतर २००० मध्ये झालेल्या करारानुसार घरांतील क्लोरपायरिफॉसचा वापरही पुढील काही वर्षांत थांबला. पुढे वाळवीला जाणवत नाहीत अशी इमिडाक्लोप्रिड व फिप्रोनिल ही रसायने प्रचारात आली.

याहून मूलगामी बदल १९९५ मध्ये बाजारात आलेल्या आमिष-पद्धतीने घडवला. फ्लोरिडा विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ नान-याओ सू यांच्या संशोधनावर ती आधारलेली होती. घराभोवती ठरावीक अंतरावर जमिनीत नळकांडी बसवून त्यांत लाकडाचे तुकडे ठेवावयाचे. ती नियमितपणे उघडून पाहावयाची. वाळवी आढळल्यास तेथे हेक्साफ्लुम्युरॉनयुक्त आमिष ठेवावयाचे. हे द्रव्य वाळवीला कात टाकू देत नाही. त्याचा परिणाम सावकाश होत असल्याने कामकरी वाळवी ते वसाहतीतील इतरांना भरवते आणि काही महिन्यांत वसाहत नष्ट होऊ शकते. यासाठी लागणारे विष किलोंत नव्हे, तर काही ग्रॅममध्ये किंवा त्याहूनही कमी मोजले जाते.

तांत्रिक दृष्ट्या ही पद्धत नवी होती. विचाराच्या दृष्टीने मात्र ती १९३४ च्या ग्रंथाकडे परतणारी होती. नळकांडी कोणी उघडून पाहिली नाहीत तर ती निरुपयोगी ठरतात. तिच्या मर्यादाही येथे नोंदविल्या पाहिजेत. परिणामास वेळ लागतो. दरवर्षी देखभालीचे शुल्क द्यावे लागते. घरमालकाने करार मोडला की संरक्षणही संपते. एकदाच ओतलेल्या रसायनाने जी निश्चिंतता दिली होती ती देऊ शकेल असा पर्याय पुढे आला नाही.

६. न्यू ऑर्लिन्स : एका घराच्या मर्यादेपलीकडे

फॉर्मोसन वाळवी ही मूळ पूर्व आशियातील जात. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅसिफिक आघाडीवरून परतलेल्या लष्करी सामानाच्या लाकडी खोक्यांतून ती दक्षिणेकडील बंदरांत पोहोचली, असे मानले जाते. न्यू ऑर्लिन्समध्ये तिची ओळख १९६६ मध्ये पटली. तिच्या वसाहतीत कित्येक लक्ष कीटक असू शकतात आणि गळके छप्पर किंवा ओली भिंत मिळाल्यास ती जमिनीशी संपर्क न ठेवताही घरात वसाहत करू शकते. अशा स्थितीत पायाभोवतीची विषाची भिंत अपुरी पडते.

येथील जुन्या भागांत घरे एकमेकांना लागून आहेत. एकाने उपचार केला आणि शेजाऱ्याने केला नाही, तर दोघेही असुरक्षित राहतात. म्हणूनच संघराज्याच्या कृषी संशोधन सेवेने १९९८ मध्ये सुरू केलेल्या ‘ऑपरेशन फुल स्टॉप’ या मोहिमेत फ्रेंच क्वार्टर या ऐतिहासिक वस्तीतील परस्परलग्न घरांवर एकत्रित उपचार करण्यात आला. ऑगस्ट २००५ मधील कॅटरिना चक्रीवादळानंतर घरांचे पडलेले लाकूड इतरत्र जाऊन वाळवी पसरू नये म्हणून लुइझियाना राज्याने बाधित भागांतून लाकडाच्या वाहतुकीवर निर्बंध घातले. वाळवी-नियंत्रण ही खासगी मालमत्तेची नव्हे, तर संपूर्ण वस्तीची बाब आहे, हा न्यू ऑर्लिन्सचा धडा होय.

७. भारतीय संदर्भ

या इतिहासाचे भारताशी दोन स्पष्ट धागे जुळतात. पहिला संशोधनाचा. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयोगातून ‘अस्कू’ हे लाकूडरक्षक तयार केले. त्याचे अमेरिकी पेटंट १९३८ मध्ये मिळाले आणि पुढे अमेरिकेतील घरांचे सज्जे, कुंपणे व खांब यांच्या लाकडावर याच कुळातील द्रव्याची प्रक्रिया होऊ लागली. आर्सेनिकविषयीच्या चिंतेमुळे तेथील उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस बहुतेक घरगुती उपयोगांसाठी ते थांबविले.

दुसरा धागा मानकांचा. इमारतींच्या वाळवी-प्रतिबंधाविषयीचे आयएस ६३१३ हे भारतीय मानक तीन भागांत आहे : बांधकामातील उपाय, बांधकामापूर्वीचा रासायनिक उपचार आणि उभ्या इमारतींवरील उपचार. याच्या १९८१ च्या आवृत्तीत आल्ड्रिन, हेप्टाक्लोर व क्लोरडेन ही रसायने होती. २००१ च्या आवृत्तीत त्यांच्या जागी क्लोरपायरिफॉस व लिंडेन आली. लिंडेनवरही पुढे २०१३ पर्यंत भारतात बंदी आली. स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला व भारताने तो २००६ मध्ये स्वीकारला. त्या कराराच्या यादीत २०२५ मध्ये, काही विशिष्ट सवलतींसह, क्लोरपायरिफॉसचाही समावेश करण्यात आला. एक रसायन जाते व दुसरे येते, ही साखळी दोन्ही देशांत सारखीच आहे.

उभ्या इमारतींविषयीच्या तिसऱ्या भागात उपचारापूर्वी कसून पाहणी करून प्रादुर्भाव किती पसरला आहे आणि वाळवी कोठून शिरते हे ठरविण्यास सांगितले आहे. जमीन व भिंत यांच्या सांध्यात ३०० मिलिमीटर अंतरावर छिद्रे पाडून प्रत्येकी एक लिटरपर्यंत द्रावण सोडावे, ही सूचना त्यानंतरची. व्यवहारात मात्र छिद्रांचाच उपचार अधिक परिचित आहे. दादर, माटुंगा, विलेपार्ले यांसारख्या भागांतील विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील घरांत भिंती विटांच्या किंवा काँक्रीटच्या असल्या, तरी दारे-खिडक्यांच्या चौकटी, कपाटे आणि पुस्तके यांतून वाळवीला अन्न मिळते, तर गळक्या नळांतून व ओल धरलेल्या भिंतींतून पाणी मिळते. अशा घरांच्या खरेदी-विक्रीत वाळवीचा लेखी पाहणी-अहवाल मागण्याची प्रथा महाराष्ट्रात रूढ झालेली नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) वाळवीचा प्रादुर्भाव हा मुळात बांधकाम, ओलावा व देखभाल यांतील दोषांचा परिणाम असतो. १९३० च्या दशकात हे ज्ञान उपलब्ध होते. टिकाऊ रसायनांच्या काळात ते नष्ट झाले नाही, तर अनावश्यक वाटू लागले.

(२) क्लोरडेनची परिणामकारकता आणि त्याची घातकता ही एकाच गुणधर्माची, म्हणजे दीर्घकाळ टिकण्याची, दोन रूपे होती. म्हणून रसायनाचे मूल्यमापन करताना ते किती काळ टिकते एवढेच नव्हे, तर त्या काळात त्या घरात कोण राहणार आहे हेही विचारात घेणे आवश्यक ठरते.

(३) दोष, संभाव्य दोष आणि न पाहता आलेला भाग यांची स्वतंत्र नोंद करणारा पाहणी-अहवाल ही अमेरिकी अनुभवातील सर्वांत अनुकरणीय गोष्ट आहे. तिला खर्च थोडा लागतो आणि ती कोणत्याही रसायनावर अवलंबून नाही.

(४) परस्परलग्न घरांच्या वस्तीत एकेका घराचा सुटा उपचार अपुरा ठरतो. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांना या बाबतीत स्वाभाविक अनुकूलता आहे. वार्षिक पाहणी व तिची नोंद हा त्यांच्या देखभालीचा भाग होऊ शकतो.

चाळीस वर्षे वापरलेले एक रसायन मागे घेण्यास अमेरिकेला जेवढा काळ लागला, त्याहून अधिक काळ त्याचे अंश घरांखाली राहणार आहेत. जुने घर वाचविण्याचा कोणताही उपाय एकदाच करून विसरण्याजोगा नसतो, हे या इतिहासाचे सार आहे.